आमच्या कंपनीत परका कोण?

माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. जन्म पेडण्याचा, पासपोर्ट पोर्तुगालचा, आणि कोरगावच्या आमच्या काजूच्या बागायतीच्या एक-चौदा उताऱ्यावर त्याचं नाव माझ्या नावाशेजारी. आम्ही दोघांनी मिळून काजू प्रक्रियेची लहानशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची ठरवली. बिया विकत घ्यायच्या, वाळवायच्या, वाफवायच्या, फोडायच्या, सोलायच्या, प्रतवारी करून विकायच्या. यातलं सगळं मला येत होतं. येत नव्हतं ते एकच: बाहेरच्या देशाच्या नागरिकाला आपल्याकडच्या कंपनीत किती हिस्सा घेता येतो? कायद्यात कुठेतरी एक आकडा असेल, चाळीस, एकोणपन्नास, काहीतरी, आणि त्या आकड्याच्या आत राहून आम्ही वाटणी करू, अशी माझी समजूत होती. भाऊ तर फोनवर म्हणाला होता, "ताई, अर्धं अर्धं करूया, हिशेब सोपा राहील."

म्हापशाला ज्या सीए बाईंकडे गेले, त्यांनी आकडा सांगितला नाही. त्यांनीच मला प्रश्न विचारले. कंपनी नेमकं काय करणार? कंपनीच्या नावावर जमीन येणार का, आणि आली तर कोणती? भाऊ राहतो कुठे? त्याला पैसे पुढे परत न्यायचेत की इथेच ठेवायचेत? ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे का? पासपोर्ट कुठला हे त्यांनी अगदी शेवटी विचारलं. मी ज्या गोष्टीला सगळा प्रश्न समजत होते, ती त्यांच्या यादीत तळाला होती. तिथून माझा जो गोंधळ सुरू झाला, तो निस्तरताना मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. आमच्या पेडणे-डिचोलीत आज घरटी एखादा तरी पोर्तुगीज पासपोर्टवाला नातेवाईक असेल, आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही.

आधी आकड्यांविषयी, कारण मी तिथेच अडकले होते. परकीय थेट गुंतवणुकीला एकच मर्यादा नाही. धंदा बदलला की मर्यादा बदलते. वर्तमानपत्र काढणाऱ्या कंपनीत परकीय हिस्सा 26 टक्क्यांपर्यंत, तोही सरकारची परवानगी घेऊन. सरकारी बँकेत 20 टक्के, खाजगी बँकेत 74. अनेक ब्रँडचा माल विकणाऱ्या मोठ्या किरकोळ दुकानात 51, आणि त्यावर कितीतरी अटी. संरक्षण साहित्याच्या कारखान्यात 74 टक्क्यांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, त्यापुढे लागते. विमा कंपन्यांची मर्यादा तर माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेली: 26 वरून 2015 मध्ये 49, 2021 मध्ये 74, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात 100 करण्याची घोषणा. हॉटेल, पर्यटन आणि बहुतेक सगळे कारखाने यांना 100 टक्के मुभा. काजूगर काढणं हा कारखानदारीचा भाग, म्हणजे आमच्या कंपनीचे सगळेच्या सगळे शेअर भावाच्या नावावर असते तरी कायद्याला चाललं असतं. "अर्धं अर्धं" हा आमचा हिशेब कायद्याने मागितलेलाच नव्हता.

काही धंद्यांत मात्र शून्य. लॉटरी, जुगार, कॅसिनो, चिटफंड, सिगारेट बनवणं, अणुऊर्जा. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंकडे आपण रोज बघतो. त्या धंद्यात थेट परकीय गुंतवणुकीला पूर्ण मनाई आहे, इतकी की परदेशी कॅसिनो कंपनीने आपलं नाव किंवा तंत्र भाड्याने द्यायलाही बंदी आहे. याच शून्याच्या यादीत आणखी एक ओळ आहे, आणि माझी आखणी तिच्यावरच आपटली: जमीनजुमल्याचा व्यवहार आणि फार्महाऊस बांधणं.

आमची मूळ आखणी अशी होती, की कोरगावची बागायत कंपनीच्या नावावर करायची. मग झाडं कंपनीची, बिया कंपनीच्या, कारखाना कंपनीचा. बाहेरून विकत घेतलेल्या बियांवर अवलंबून राहायला नको. सीए बाई म्हणाल्या, "बागायत बाहेर ठेवा. ज्या कंपनीत परदेशातला पैसा आहे तिला काजूचं भाट (बागायत) घेता येणार नाही." मला ते पटेना. मळे आणि लागवड यांत परकीय गुंतवणूक चालते असं मी वाचलं होतं. चालतेही, पण कुठल्या पिकांत? चहा, कॉफी, रबर, वेलची, तेलाचा पाम आणि ऑलिव्ह. या पिकांना 100 टक्के मुभा आहे. काजू त्यात नाही. ज्या झाडावर आमच्या तालुक्यातली अर्धी घरं मार्च ते मे जगतात, ज्याच्या बोंडाच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते झाड दिल्लीच्या यादीत नाही. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटलं. आता वाटत नाही. यादीत काजू असता तर आमच्या डोंगरउतारांचं काय झालं असतं, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

आता भावाची गोष्ट. त्याने पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपलं. गोव्यात 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेली माणसं आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्या यांना पोर्तुगालमध्ये नागरिकत्वाची नोंद करता येते, हे इथे शेंबडं पोरही जाणतं. त्यानंतर इथल्या मालमत्तेचं काय होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. माझे काका गेले आणि आपल्या गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे त्यांचा हिस्सा भावाकडे आला. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, यालाही हे मान्य आहे: भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारशाने आलेली शेतजमीन परदेशी राहणाऱ्याला ठेवता येते. म्हणून भाऊ बागायतीचा कायदेशीर सहमालक आहे आणि राहील. पण कुंपणाला लागून असलेला शेजाऱ्याचा एक चौरस मीटर काजू त्याला विकत घेता येणार नाही. स्वतःचा हिस्सा विकायचा झाला तर तो भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावा लागेल. ओसीआय कार्ड असल्यामुळे पेडणे शहरात फ्लॅट किंवा दुकान मात्र तो उद्या घेऊ शकतो. एकाच माणसाला एकाच तालुक्यात जमिनीचे तीन नियम लागू होतात, हे कळल्यावर मी भावाला फोन केला तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. जिथे त्याने लहानपणी बिया वेचल्या, तिथे आता त्याला नवीन झाड घेता येत नाही, हे त्याला लागलं. मलाही लागलं.

पण हा नियम कशासाठी आहे हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. कोरगावहून मोरजी हाकेच्या अंतरावर. 2000 नंतरच्या दशकात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात रशियन, ब्रिटिश आणि इतर परदेशी पाहुण्यांनी घरं आणि जमिनी घ्यायला सुरुवात केली. फेमा 1 जून 2000 पासून लागू झालेला होता. त्यात कसोटी पासपोर्टची नाही, वास्तव्याची आहे. आदल्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा जास्त भारतात राहिलेला आणि नोकरी, धंदा किंवा तशाच कारणाने इथे अनिश्चित काळ राहायला आलेला परदेशी माणूस निवासी ठरतो. काही शेजारी देशांचे आणि इराणसारखे नागरिक सोडले तर तो स्वतःसाठी घर घेऊ शकतो. पर्यटक व्हिसावर आलेला माणूस कितीही दिवस समुद्रकिनारी राहिला तरी निवासी होत नाही. उलट आमच्या वाड्यावरचा, भारतीय पासपोर्टवर कुवेतला नोकरी करणारा मुलगा या कायद्याच्या दृष्टीने अनिवासी. मला हे समजायला खूप वेळ लागला, कारण "परदेशी" म्हटलं की आपण चेहरा आणि पासपोर्ट बघतो. कायदा राहण्याचं ठिकाण आणि त्यामागचं कारण बघतो.

पर्यटक व्हिसावर घर घेता येत नाही म्हटल्यावर वाट काढली गेली ती कंपनीची. दोघांनी मिळून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवायची. तेव्हा अशा कंपनीला एक लाख रुपये भरणा झालेलं भांडवल पुरत होतं, आणि 2015 मध्ये तीही अट गेली. भारतात नोंदलेली कंपनी ही फेमाच्या व्याख्येत भारतातली निवासी व्यक्ती. मग तिने जमीन घेतली तर ती भारतीयाने घेतल्यासारखीच दिसते. खरेदीखतावर कंपनीचं नाव, कंपनीचा शिक्का. मुद्रांक शुल्क भरलं आहे की नाही हे उपनिबंधक बघत. कंपनीचे शेअर कोणाकडे आहेत, ती धंदा काय करते, तिला हे भाट कशाला हवं, हे बघणारं त्या खिडकीवर कोणी नव्हतं. वास्तविक अशा कंपनीला आपल्या मंजूर धंद्यासाठी गरजेची जागा घेता येते. शेतजमीन घेता येत नाही, आणि नफ्यासाठी जमिनीची खरेदी-विक्रीही करता येत नाही. यातल्या कित्येक कंपन्यांना धंदाच नव्हता. त्यांच्याकडे होती ती फक्त जमीन. पुढे ओरड झाली, राज्य सरकारने अशा नोंदण्यांवर हरकत घेतली, अंमलबजावणी संचालनालयाने चौकश्या सुरू केल्या. फेमाच्या कलम 13 खाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, आणि मालमत्ता जप्तही होऊ शकते.

हे वाचताना माझ्या मनात सारखं येत होतं, की आमची कंपनीही कागदावर अगदी तशीच दिसेल. एक परदेशी भागधारक, एक स्थानिक बाई, आणि काजूची बागायत. हेतू वेगळा असला तरी कागद हेतू दाखवत नाही. म्हणून बागायत कंपनीबाहेर ठेवण्याचा सल्ला मी शेवटी मनापासून मान्य केला.

माझं आजोळ डिचोली तालुक्यात, पिळगावला. तिथे गेले की या प्रश्नाची दुसरी बाजू समोर येते, आणि ती मला अजूनही अस्वस्थ करते.

मामा खाणीवर टिपर चालवायचे. त्यांच्या बोलण्यात "सेसा" हा शब्द इतका असायचा की मला तो एखाद्या गावासारखा वाटे. सेसा गोवा ही कंपनी 1954 मध्ये, पोर्तुगीज राजवटीत, इटालियन भांडवलावर सुरू झाली. भारतात 1973 चा परकीय चलन नियमन कायदा, फेरा, आला. त्याच्या कलम 29 ने बहुतेक परकीय कंपन्यांना आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणायला लावलं. हिस्सा उतरवायचा नव्हता म्हणून आयबीएम आणि कोका-कोला 1977-78 च्या सुमारास देश सोडून गेल्या. सेसा राहिली. 1981 मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि इटालियन मालकांनी 60 टक्के हिस्सा भारतीय भागधारकांना दिला. म्हणजे त्यांच्याकडे बरोबर 40 उरले. मी ज्या एका आकड्याच्या शोधात निघाले होते, तो आकडा एकेकाळी खरंच होता, आणि तो डिचोलीच्या डोंगरांवर लागू झाला होता! 1991 नंतर ती मर्यादा गेली. 1996 मध्ये इटालियनांचा हिस्सा जपानच्या मित्सुईकडे गेला. 2007 मध्ये मित्सुईने आपले 51 टक्के तेव्हा लंडनच्या शेअरबाजारात नोंदलेल्या वेदांताला 98 कोटी 10 लाख डॉलरना विकले. 2009 मध्ये त्याच सेसाने डेंपोंचा खाणव्यवसाय 1,750 कोटी रुपयांना घेतला. कंपनी आज वेदांता लिमिटेड या नावाने आहे. भारतात नोंदलेली, पण अर्ध्याहून अधिक हिस्सा परदेशात नोंदलेल्या कंपन्यांकडे. डिसेंबर 2022 मध्ये गोव्यातल्या खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, त्यात डिचोलीचा पट्टा तिलाच मिळाला.

यात बेकायदेशीर काही नाही. खाण आणि खनिज कायद्याचं कलम 5 सांगतं, की खाणपट्टा भारतीय नागरिकाला किंवा आपल्या कंपनी कायद्याखालच्या कंपनीला देता येतो. त्या कंपनीचे शेअर कोणाकडे असावेत यावर बंधन नाही, कारण लोहखनिजात 100 टक्के परकीय गुंतवणूक चालते. सगळं नियमात बसतं. पण परिणाम बघा. पिळगावच्या डोंगराच्या पोटातलं खनिज काढण्याचा हक्क परकीय मालकीच्या कंपनीला मिळू शकतो. त्याच डोंगराच्या पाठीवर काजूची दहा झाडं लावलेली जमीन माझ्या भावाला, म्हणजे याच मातीतल्या माणसाला, विकत घेता येत नाही. मामांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "आमचो मालक कोण तें आमकां केन्नाच कळ्ळें ना. नांव तेंच आशिल्लें." इटालियन गेले, जपानी आले, तेही गेले, आणि मामांच्या पगाराच्या कागदावर तेच नाव राहिलं. मालकी शेअरबाजारात हलते. खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला ती हललेली दिसत नाही.

मला वाटतं, कायद्याने पृष्ठभागावरची जमीन जितक्या काळजीने जपली, तितक्या काळजीने तिच्याखालचं खनिज जपलेलं नाही. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले, दोन्ही वेळा टिपर दारात उभे राहिले, हप्ते थकले. त्या साऱ्या चर्चेत परवाने, पर्यावरण, रॉयल्टी यांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. खनिजाचा नफा शेवटी कुठल्या देशात जातो, हा प्रश्न गावात क्वचितच निघाला. तो निघायला हवा. परकीय भांडवल वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. सेसाच्या आमोण्याच्या कारखान्यावर कितीतरी घरं उभी राहिली. पण निदान गावाला आपल्या डोंगराचा धनी कोण हे माहीत असावं.

डिचोलीतच मये गाव आहे. तिथली जमीन पोर्तुगीज काळात एका पोर्तुगीज उमरावाच्या मालकीची होती. 1961 नंतर मालक निघून गेले, जमीन निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे मयेकर आपल्याच घराच्या सनदेसाठी झगडत राहिले. 2014 मध्ये विधानसभेने कायदा केला तेव्हा कुठे मालकी देण्याची वाट मोकळी झाली. दूरच्या मालकाच्या नावावर जमीन असली की गावाला काय सोसावं लागतं, ते मयेकरांना विचारावं. जमिनीवरचा नियम कडक का, याचं माझ्यापुरतं उत्तर मला मोरजीपेक्षा मयेत जास्त स्पष्ट मिळालं.

मोपाचं उदाहरण वेगळं. तिथे जमीन सरकारने संपादन केली आणि विमानतळ चालवायला कंपनी नेमली. नव्याने उभारलेल्या विमानतळात 100 टक्के परकीय गुंतवणूक चालते. मोपाचं कंत्राट जीएमआर समूहाकडे आहे, आणि त्या समूहाच्या विमानतळ कंपनीत फ्रान्सच्या ग्रुप एडीपीने 2020 मध्ये 49 टक्के हिस्सा घेतला. 5 जानेवारी 2023 पासून तिथून विमानं उडतात. वारखंड-नागझरच्या ज्या लोकांची जमीन गेली, त्यांच्यापैकी कितीजणांना पॅरिसचा हा हिस्सा ठाऊक असेल?

आता आमच्या कंपनीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण त्यात इतरांच्या उपयोगाचं बरंच आहे.

"पैसे परत न्यायचे आहेत का?" या प्रश्नाचा अर्थ मला सगळ्यात उशिरा कळला, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच निघाला. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारकाने गुंतवलेला पैसा परत न नेण्याच्या बोलीवर आला, तर 2019 च्या नियमांप्रमाणे तो देशातल्याच गुंतवणुकीसारखा धरला जातो. मग टक्केवारीच्या मर्यादा लागत नाहीत, शेअरच्या किमतीचं मूल्यांकन लागत नाही, रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवरचे फॉर्म लागत नाहीत. शेतीवाडी, लागवड, जमिनीचे व्यवहार आणि फार्महाऊस यांची मनाई मात्र इथेही कायम. पुढे शेअर विकले तर पैसे भावाच्या, अनिवासींसाठी असलेल्या एनआरओ खात्यात येतील. तिथून कर भरून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, म्हणजे "परत न नेणं" हे कायमचं अडकणं नाही. आमच्यासारख्या लहान कंपनीला 10 लाख डॉलरची मर्यादा कधी आड येणार आहे?

याच पैशाला परत नेण्याचा हक्क जोडला असता तर वाट वेगळी होती. पैसे बँकेमार्फत आले पाहिजेत, कोणाच्या हाती रोख नाहीत. आल्यापासून 60 दिवसांत शेअर दिले पाहिजेत, नाहीतर पुढच्या 15 दिवसांत रक्कम परत. शेअर दिल्यापासून 30 दिवसांत एफसी-जीपीआर हा फॉर्म रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर भरायचा. दरवर्षी 15 जुलैपर्यंत परकीय देणी-मालमत्तेचं विवरण. चुकलं की विलंब शुल्क. मला भेटलेल्या कितीतरी लहान धंदेवाल्यांना या तारखा ठाऊकच नव्हत्या. परदेशातल्या भावाने किंवा मेव्हण्याने पैसे पाठवले, ते कंपनीच्या खात्यात पडले, आणि वर्ष उलटून गेलं. ज्यांच्या नातलगांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे पण ओसीआय कार्ड नाही, त्यांना तर परत न नेण्याची सवलतही मिळत नाही. त्यांचा पैसा सरळ परकीय गुंतवणूक. म्हणून पहिलं काम कार्डाचं, कंपनीचं नंतर.

आम्ही परत न नेण्याची बोली निवडली. बागायत आमच्या घरच्यांच्या नावावर राहिली, कंपनी घरच्यांकडून आणि इतर बागायतदारांकडून बिया विकत घेते, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये गर निघतो. भावाचा हिस्सा 60 टक्के, माझा 40. भावाचा आधीचा "अर्धं अर्धं"चा आग्रह त्यानेच सोडला, कारण भांडवल त्याचं जास्त होतं आणि कायद्याची आडकाठी नव्हती.

या काळात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली, आणि लिहायला बसले ते मुख्यतः तिच्यासाठी. कंपनी कायद्याच्या कलम 149 प्रमाणे प्रत्येक कंपनीत निदान एक संचालक वर्षातून 182 दिवस तरी भारतात राहणारा हवा. त्यामुळे किनारपट्टीवर अशा संचालकांना मागणी आहे. आमच्याकडच्या एका तरुणाला दरमहा ठरावीक रक्कम देऊन संचालक केलं होतं. कधी शेअरही नावावर ठेवतात. "तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो." त्याला कंपनी काय करते हे माहीत नव्हतं, खातं कुठल्या बँकेत आहे हे माहीत नव्हतं. नोटीस आली ती त्याच्या घरच्या पत्त्यावर, कारण ज्यांची कंपनी होती ते हंगाम संपल्यावर परत गेले होते. फेमाच्या कलम 42 खाली कंपनीच्या उल्लंघनासाठी तिचा कारभार बघणाऱ्यांना जबाबदार धरता येतं. जमीन एकाच्या पैशाने आणि दुसऱ्याच्या नावावर घेतली तर बेनामी कायदा आहेच: सुधारित कायद्याप्रमाणे एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. नाव देणाराही त्यात येतो. दुसऱ्याच्या वतीने शेअर धरले असतील तर कंपनी कायद्याच्या कलम 89 खाली कंपनीला 30 दिवसांत तसं कळवावं लागतं, हेही या मुलांना कोणी सांगत नाही.

टक्केवारीच्या मर्यादा दर काही वर्षांनी बदलतील, वाढतच जातील असं दिसतं. जमिनीवरची बंदी टिकली आहे. गोवा विधानसभेने 2023 मध्ये भातशेती बिगर-शेतकऱ्यांना विकायला बंदी घातली, तीही त्याच दिशेने. पण स्थानिक नाव भाड्याने मिळत असेल तर यातला एकही नियम उभा राहत नाही. मोरजीत जे घडलं ते परदेशी माणसाच्या पैशाने जितकं घडलं, तितकंच आपल्या माणसांच्या सह्यांनी घडलं. हे बोलणं कडू आहे, पण मला ते खरं वाटतं.

म्हणून पेडणे आणि डिचोलीतल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. कोणी कंपनीत संचालक व्हायला बोलावलं तर आधी भागधारकांची यादी मागा, बँकेचं खातं बघा, कंपनीच्या नावावर जमीन असेल तर तिचा एक-चौदा आणि खरेदीखत बघा. कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर नकार द्या. आणि आधीच सही करून बसला असाल तर आजच कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन कंपनीचं नाव शोधा. संचालकांची यादी तिथे कोणालाही पाहता येते. राजीनामा देता येतो, आणि तो कंपनीने निबंधकाकडे कळवला नाही तर डीआयआर-11 या फॉर्मवर तुम्ही स्वतः कळवू शकता.